संगणकाच्या प्रश्नांची आगाऊ उत्तरे

शाळेच्या संगणक कक्षात अथवा गावच्या ग्रंथालयात नवी आज्ञावली बसवावयाची झाल्यास ती बहुधा तयार स्वरूपात मिळते. एक आज्ञा दिली की काम भागते. क्वचित मात्र तयार आज्ञावली पुरी पडत नाही. तीत हवी ती सोय नसते, किंवा नको असलेला पसारा फार असतो. अशा वेळी तिच्या कर्त्यांनी प्रसिद्ध केलेली मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड, घेऊन ती आपल्याच संगणकावर बांधून काढावी लागते. मुक्त आज्ञावलींच्या बाबतीत तशी मोकळीक सर्वांना आहे.

या कामात नवशिक्याची फजिती होते ती बहुतेक वेळा एका साध्या कारणाने. बांधणी चालू असता संगणक मध्येच थांबतो, प्रश्न विचारतो, आणि उत्तर देण्यास समोर कोणी नसते. घराचे काम चालू असता मालक परगावी गेला, आणि खिडकी कोणत्या भिंतीस ठेवावयाची हे सांगून गेला नाही, तर गवंडी बिचारा हातावर हात ठेवून बसतो. मजुरी मात्र चढत राहते. संगणकाचेही तसेच. शिक्षकाने सायंकाळी बांधणी सुरू करून खोलीस कुलूप लावावे, आणि सकाळी येऊन पाहावे तो पडद्यावर एक चौकट उत्तराची वाट पाहत उभी! सुरू केल्यापासून दहाव्या मिनिटासच ती उघडलेली असू शकते. रात्रभर वीज जळाली, काम मात्र झाले नाही.

फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीचे उदाहरण घेतल्यास हा प्रकार नीट उलगडतो. युनिक्स परंपरेतील या प्रणालीत १९९४ सालापासून ‘पोर्ट्स’ नावाचा संग्रह आहे. आज त्यात तीस हजारांहून अधिक आज्ञावलींच्या बांधणीच्या कृती आहेत. मूळ संहिता कोठून आणावी, तीत कोणते फेरफार करावेत, ती कशी बांधावी व कोठे बसवावी, हे सारे प्रत्येक पोर्टमध्ये लिहिलेले असते. त्या त्या पोर्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक इन्स्टॉल क्लीन’ ही आज्ञा दिली की काम सुरू होते. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकावयाच्या असतात, येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.)

अडचण अशी की एक आज्ञावली सहसा एकटी उभी राहत नाही. तिला दुसरी लागते, दुसरीस तिसरी. यांपैकी अनेकींना आपापले पर्याय असतात, आणि ज्या आज्ञावलीची पाळी येईल तिची पर्यायांची चौकट त्या क्षणी पडद्यावर उघडते. पहिली चौकट आरंभीच येते, म्हणून मनुष्य तिला उत्तर देऊन निश्चिंत होतो. दुसरी अर्ध्या तासाने येते, तिसरी कदाचित मध्यरात्री.

यावर उपाय सोपा आहे. बांधणीस हात घालण्यापूर्वी ‘मेक कॉन्फिग-रिकर्सिव्ह’ ही आज्ञा द्यावी. मुख्य आज्ञावली व तिला लागणाऱ्या सर्व आज्ञावली यांच्या चौकटी एकामागून एक लगेच उघडतात. बाणाच्या कळीने पर्यायावर जावे, स्पेस बारने खूण करावी किंवा काढावी, आणि एंटर दाबून मान्यता द्यावी. येथे एक मेख आहे. एखाद्या पर्यायावर नवी खूण केली की त्या पर्यायासाठी आणखी एखादी आज्ञावली लागू शकते, आणि तिचे प्रश्न पहिल्या फेरीत आलेलेच नसतात. यास्तव तीच आज्ञा पुन्हा द्यावी. एकही नवी चौकट उघडेनाशी झाली म्हणजे सर्व उत्तरे जमा झाली. मगच बांधणी सुरू करून खुशाल घरी जावे.

उत्तर काय द्यावे, हा खरा विचार करण्याचा भाग होय. ज्या पर्यायांवर आधीच खूण असते ते पोर्ट सांभाळणाऱ्याने बहुतेकांच्या सोयीचे म्हणून निवडलेले असतात. कारण ठाऊक नसेल तर त्यांना हात लावू नये. ‘डॉक्स’ म्हणजे माहितीपत्रके व ‘एक्झाम्पल्स’ म्हणजे नमुने. जागेची टंचाई असल्यास हे वगळता येतात. ‘एक्स-इलेव्हन’ हा पर्याय चित्रमय पडद्यासाठी असतो; ज्या संगणकास पडदाच जोडावयाचा नाही तेथे तो नको. परंतु ‘एनएलएस’ ही तीन अक्षरे पाहून ती निरुपयोगी समजू नयेत. त्यांचा अर्थ ‘नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट’, म्हणजे स्वभाषेची सोय. ज्या आज्ञावलीचा मराठी अनुवाद झालेला आहे तिच्या सूचना मराठीत दिसाव्यात यासाठी हा पर्याय लागतो. जागा वाचविण्याच्या भरात त्यावरील खूण काढली तर आज्ञावली चालते, कोठेही चूक दाखवीत नाही, फक्त मुलांशी इंग्रजीत बोलते. कारण शोधता शोधता मग दिवस जातो.

प्रश्नच नकोत असे म्हणणाऱ्यांसाठीही मार्ग आहे. बांधणीच्या आज्ञेबरोबर ‘बॅच’ हा शब्द निश्चित केला तर चौकटी उघडत नाहीत. आधी जतन केलेली उत्तरे, आणि ती नसल्यास पूर्वनियोजित उत्तरे, गृहीत धरली जातात. मात्र ज्या आज्ञावलीचा परवाना वापरणाऱ्याने स्वतः मान्य करावयाचा असतो, ती या रीतीने बांधली जात नाही. मालकाच्या संमतीवाचून त्याच्या नावे सही न करण्याचा हा सावधपणा योग्यच म्हटला पाहिजे.

‘येस’ नावाच्या आज्ञेत हा सावधपणा नाही. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून चालत आलेली ही आज्ञा थांबविल्याखेरीज ‘वाय’ हे अक्षर ओळीमागून ओळ लिहीत राहते. ओळीने प्रश्न विचारणाऱ्या आज्ञावलीस ते जोडून दिले की प्रत्येक प्रश्नास ‘होय’ असे उत्तर जाते. जुनी फाइल पुसू काय? होय. परवाना मान्य आहे काय? होय. नाव विचारले तर नावही ‘वाय’!

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बांधताना तर पर्याय हजारोंच्या संख्येने असतात. तेथे जुन्या आवृत्तीची उत्तरे एका फाइलीत जतन असतात, व ‘मेक ओल्डकॉन्फिग’ ही आज्ञा केवळ नव्याने आलेले प्रश्न विचारते. ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ दिली तर नव्या प्रश्नांना पूर्वनियोजित उत्तरे लावून ती मोकळी होते. अशी उत्तरे निमूटपणे लागण्यापूर्वी नवे काय आले ते ‘मेक लिस्टन्यूकॉन्फिग’ने वाचून घ्यावे. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल भाषेची बांधणीही अशीच प्रश्नोत्तरांची. तिच्या ‘कॉन्फिगर’ला ‘डी’ व ‘ई’ हे संकेत दिले तर ती पूर्वनियोजित उत्तरे घेऊन न थांबता पुढे जाते, आणि दिलेली उत्तरे ‘कॉन्फिग.एसएच’ या फाइलीत लिहून ठेवते. १९९१ मधील ऑटोकॉन्फपासून निपजलेल्या आज्ञावली बहुधा प्रश्न विचारीतच नाहीत. सांगावयाचे ते आरंभीच्या आज्ञेतच सांगावे लागते.

फ्रीबीएसडीत दिलेली उत्तरे ‘व्हार’मधील ‘डीबी’ या फोल्डरखाली ‘पोर्ट्स’ येथे, प्रत्येक आज्ञावलीसाठी स्वतंत्र फाइलीत राहतात. संगणक कक्षाचा कारभार एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जातो, संगणक बिघडून नव्याने उभारावा लागतो, तेव्हा हा फोल्डर दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवलेला असल्यास पूर्वीच्याच निवडीने सर्व काही पुन्हा बांधता येते. नसल्यास आधीच्या माणसाने काय ठरविले होते ते त्याच्या स्मरणावर अवलंबून. ‘मेक शोकॉन्फिग’ ही आज्ञा निवडलेल्या पर्यायांची यादी दाखविते. ती छापून कक्षाच्या नोंदवहीत लावावी, आणि एखादा पर्याय मुद्दाम बदलला असेल तर त्याच्यासमोर कारण दोन शब्दांत लिहावे. उत्तर चुकीचे जतन झाले असल्यास ‘मेक आरएमकॉन्फिग’ दिल्यावर ते पुसले जाते, व पुढील बांधणीच्या वेळी चौकट पुन्हा उघडते.