उधाणात बंद पडणारे इंजिन
प्रश्न : आमच्या नौकेचे डिझेल इंजिन बंदरात बिनतक्रार चालते; मात्र पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच सफरीत, लाटा वाढताच, ते बंद पडले. असे का व्हावे?

उत्तर : दोष इंजिनाचा नसून बहुधा टाकीतील इंधनाचा असावा. चातुर्मासात अर्धवट रिकाम्या राहिलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते, त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढून काळा, बुळबुळीत गाळ तयार होतो, आणि बंदरात निपचित पडलेला हा गाळ लाटांच्या हेलकाव्यांनी ढवळला गेला, की फिल्टर तुंबून इंजिनाला इंधन पोचेनासे होते. सबब टाकीचा तळ उपसून साफ करवावा, पुढील पावसाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवण्याची तजवीज करावी, आणि झडप फिरवून आलटूनपालटून वापरता येतील असे दोन फिल्टर बसविण्यात मुळीच काटकसर करू नये. फिल्टर बदलल्यावर नळीतील हवा हातपंपाने, बुडबुडे थांबेपर्यंत, काढून टाकणे अगत्याचे आहे.

तथापि इंजिन थांबताच प्रथम त्याकडेच धावणे मला सर्वथा अमान्य आहे : किनारा जवळ असल्यास आधी नांगर टाकावा, खोलीच्या किमान पाचपट साखळी सोडावी, नांगर धरल्याची खात्री करावी, आणि मगच पाना हाती घ्यावा.