गाडीत सीडी ठेवावी की डिजिटल प्लेअर बसवावा?

मोटारीत टेप व सेट बसविणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांना आजकाल एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. गिऱ्हाईक गाडी दारात उभी करते आणि विचारते, "भाई, ही सीडी काढून पेनड्राइव्हवाला सेट बसवू का?" आपले बहुतेक कारागीर उत्तर देतात, "बसवा, सीडीचा जमाना गेला." उत्तर सोपे आहे, त्यात विक्रीही होते. पण दर वेळी ते बरोबर असतेच असे नाही, आणि चुकले तर गिऱ्हाईक कायमचे तुटते.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे उदाहरण घ्या. ते कोकणातले. पंधरा वर्षे आखातात नोकरी करून परतले, तेव्हा सोबत दीडशेच्या वर सीडी घेऊन आले. त्यांत तिलावत होती, नाती होत्या, कव्वाल्या आणि गझलाही होत्या. गाडीतला कंपनीचा सीडी सेट मधूनमधून अडखळू लागला म्हणून त्यांनी तो तालुक्याच्या गावी दाखविला. कारागिराने तो काढून सीडीचा खण नसलेला स्वस्त सेट बसविला आणि एक पेनड्राइव्हही भरून दिला. आठ दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. आवाज चिरका येई, सूरह क्रमाने लागत नसत आणि दीडशे सीडींची पेटी घरात नुसती पडून राहिली. ते परत गेले तोवर जुना सेट भंगारात गेला होता. असा अडखळणारा सेट पुष्कळदा लेन्सवरची धूळ साफ केली की सुधारतो, हे त्यांना दुसऱ्या दुकानात कळले. आता त्यांच्या घरच्या तिन्ही गाड्या त्याच दुसऱ्या दुकानात जातात.

दोन्हींत फरक काय?

सीडी प्लेअर फिलिप्स आणि सोनी यांच्या सहकार्यातून १९८२ साली बाजारात आला. मोटारीत बसणारे सीडी प्लेअर १९८४ पासून मिळू लागले. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली असते. दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट इतकी माहिती प्लेअरकडे जाते. म्हणूनच १२ सेंटिमीटरच्या तबकडीवर ७४ ते ८० मिनिटांचाच आवाज मावतो.

एमपी३ ही पद्धत मुख्यतः जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत विकसित झाली. कानाला सहसा जाणवत नाही तेवढा भाग गाळून फाईल लहान करायची, हे तिचे तत्त्व. १९९८ साली कोरियातून आलेल्या पहिल्या खिशातल्या प्लेअरमध्ये जेमतेम ३२ मेगाबाइट जागा होती, म्हणजे अर्ध्या तासाची गाणी. २००१ साली ॲपलचा आयपॉड ५ गिगाबाइट घेऊन आला. तोही २०२२ साली बंद झाला. आता डिजिटल प्लेअर म्हणजे बहुधा गिऱ्हाइकाचा मोबाईल किंवा सेटला लावलेला पेनड्राइव्ह.

आवाजाचा हिशेब

पाच मिनिटांचे गाणे सीडीवर सुमारे ५३ मेगाबाइट जागा घेते. तेच ३२० किलोबिटच्या एमपी३मध्ये १२ मेगाबाइट आणि १२८ किलोबिटमध्ये सुमारे ५ मेगाबाइट घेते. एकाच सीडीवर १२८ किलोबिटच्या फाईली भरल्या तर जवळजवळ बारा तासांचा मजकूर मावतो.

धावत्या गाडीत इंजिनाचा, टायरचा आणि वाऱ्याचा आवाज असतोच. तेथे सीडी आणि ३२० किलोबिटची चांगली फाईल यांतला फरक ओळखणे बहुतेकांना जमत नाही. परंतु १२८ किंवा त्याखालची फाईल मोठ्या आवाजात लावली, की झांजा, तबला आणि वरचे सूर खरखरीत होतात. तकरीर किंवा साध्या तिलावतीला मात्र कमी किलोबिटही चालतात, कारण तेथे एकच मानवी आवाज असतो.

येथे एक फसवणूक ओळखावी. १२८ची फाईल संगणकावर ३२०ची करून घेतली, तर आकार वाढतो, आवाज सुधारत नाही. एकदा गाळलेले परत येत नाही. सीडी मुळातून उतरवायची असेल तर ३२० किलोबिट घ्यावेत. सेट वाचत असेल तर फ्लॅक पद्धत त्याहून बरी. तिच्यात काहीच गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते.

सीडीची बाजू

कंपनीच्या छापील सीडीचा आवाज खात्रीचा असतो आणि क्रमही बिघडत नाही. दोष यंत्रात आहेत. खराब रस्त्यावर लेन्स हलते, धूळ व दमट हवा तिच्यावर बसते. घरी जाळलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उन्हात खराब होतो, म्हणून ती डॅशबोर्डवर ठेवू नये. कागदी लेबल चिकटवलेली सीडी तर खणात घालूच देऊ नये. उष्णतेने लेबल सुटते आणि सीडी आत अडकते.

आणखी एक अडचण सुट्या भागांची. नव्या गाड्यांतून सीडीचा खण जवळजवळ नाहीसा झाला आहे. लेन्स किंवा मोटर गेली तर तोच भाग मिळेल याची खात्री नाही. जुने सेट भंगारात घालण्यापूर्वी त्यांचे चालू भाग काढून ठेवणारा कारागीर पुढे उपयोगी पडतो.

पेनड्राइव्हची बाजू

यात फिरणारा भाग नाही, म्हणून खड्ड्यांचा त्रास नाही. पण तक्रारी वेगळ्या येतात. त्यांतल्या चार नेहमीच्या:

पहिली, सेट पेनड्राइव्ह ओळखत नाही. पुष्कळ सेट फक्त फॅट३२ पद्धतीची मांडणी वाचतात. तशी मांडणी करून दिली की काम होते, मात्र तसे करताना आतला मजकूर पुसला जातो. आधी गिऱ्हाइकाला विचारावे.

दुसरी, क्रम चुकतो. नावे १, २, १० अशी असतील तर १ नंतर १० येतो. म्हणून ००१ ते ११४ असे तीन अंकी आकडे घालावेत. काही सेट नावाकडे न पाहता ज्या क्रमाने फाईली भरल्या त्याच क्रमाने लावतात. त्यांच्यासाठी पेनड्राइव्ह रिकामा करून पहिल्यापासून ओळीने भरावा.

तिसरी, एका फाईलीतून दुसरीत जाताना क्षणभर खंड पडतो. सलग तिलावत किंवा मैफल ऐकणाऱ्याला तो खटकतो. हे आधी सांगावे, नंतर वाद नको.

चौथी, खोटा माल. डब्यावर ६४ गिगाबाइट आणि आत प्रत्यक्ष जागा थोडी, असे पेनड्राइव्ह बाजारात आहेत. दुकानात ठेवण्यापूर्वी प्रत्येक खेपेतला एखादा पूर्ण भरून शेवटची फाईल वाजवून पाहावी.

काढण्याऐवजी जोडा

सीडी आणि डिजिटल यांत एकच निवडावे लागते, असे नाही. जुन्या सेटला ऑक्सची जागा असेल तर एका वायरीत मोबाईल जोडता येतो. ऑक्सवर शिट्टीसारखा आवाज येऊन तो इंजिनाबरोबर चढत असेल, आणि मोबाईल गाडीतच चार्ज होत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. मधे आयसोलेटर घातला की तो जातो. ब्लूटूथ सोयीचे आहे, पण त्यात फाईल पुन्हा दाबून पाठविली जात असल्याने आवाज थोडा उतरतो. एफएम ट्रान्समीटर हा शेवटचा उपाय समजावा. त्यात वरचे सूर कापले जातात आणि शहरात दुसरे स्टेशन मधे घुसते.

नवा सेट बसवायचाच तर कंपनीची वायर कापू नये, त्या गाडीचा कप्लर वापरावा. साधारणपणे पिवळी वायर कायमची बारा व्होल्ट, लाल चावीची आणि काळी अर्थची असते. तरीही मीटर लावून खात्री करावी. पिवळी-लाल एकत्र बांधून दिली की सेट बंद होत नाही आणि बॅटरी उतरते. डब्यावरच्या "४ x ५० वॅट" या आकड्यावरही विसंबू नये. बारा व्होल्टवर असा सेट प्रत्येक स्पीकरला सतत वीसएक वॅटच देतो. चिरक्या आवाजाचे कारण पुष्कळदा फाटका स्पीकर असतो, सेट नव्हे.

एक इशारा

पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डात गाणी भरून विकण्याचा जोडधंदा काहीजण करतात. परवानगीवाचून तसे करणे हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. शे-दोनशे रुपयांसाठी दुकान पणाला लावू नये. रिकामा पेनड्राइव्ह विकावा, आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या सीडी स्वतःसाठी कशा उतरवाव्यात ते समजावून सांगावे.

विचारायचे तीन प्रश्न

पाना हातात घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. तुमच्याकडे सीडी किती आहेत आणि त्या मोबाईलवर सहज मिळण्यासारख्या आहेत का? तुम्ही काय ऐकता, गाणी की तकरीर व तिलावत? गाडी किती वर्षे ठेवणार?

सीडींचा संग्रह मोठा असेल आणि सेट चालू असेल, तर लेन्स साफ करून ऑक्स जोडावा. सीडी थोड्या असतील आणि सेट वारंवार बिघडत असेल, तर संग्रह आधी उतरवून घ्यायला सांगावे आणि मग यूएसबीचा सेट बसवावा. संग्रहही मोठा आणि सेटही निकामी झालेला असेल, तर सीडी व यूएसबी दोन्ही वाजविणारा सेट शोधून द्यावा. असे नमुने आता थोडेच मिळतात, पण मिळतात. आणि काढलेला सेट कोणाचा? तो गिऱ्हाइकाचाच. विचारल्यावाचून तो ठेवून घेऊ नये.

लेन्स साफ करण्याची मजुरी नव्या सेटच्या नफ्यापुढे किरकोळ वाटेल. पण आमच्या त्या गृहस्थांच्या पहिल्या कारागिराने एका सेटचा नफा कमावला आणि तीन गाड्यांचे काम गमावले. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या वहीत मांडून पाहावा.