रंगवलेला खेळ : अख्खा विकावा की भागाभागांत?
पिंगुळीच्या पोथीतून एक व्यापारी धडा

संगणकावरचे खेळ बनवून विकणे हा आता चांगला मोठा धंदा झाला आहे. त्यात बड्या कंपन्या आहेत, तशा दोन-चार जणांच्या छोट्या मंडळ्याही आहेत. एकाला चित्रकला येते, दुसऱ्याला संगणकाचे काम येते, तिसरा कथा आणि संगीत सांभाळतो. जादूची नगरी, हरवलेले राज्य, राक्षसाच्या कैदेतील राजकन्या अशा अद्भुत कथांचे साहसी खेळ ही मंडळी हाताने चित्रे काढून तयार करतात. अडचण एकच. हाताच्या कामाला वर्षे लागतात आणि घरखर्च मात्र दर महिन्याला उभा असतो. त्यावर अनेकांना एक तोड सुचते. खेळाचे चार-पाच भाग करावेत, पहिला बाजारात आणावा आणि त्याच्या पैशावर दुसरा करावा.

ही तोड कधी फायद्याची ठरते आणि कधी गळ्याशी येते, हे या लेखात पाहू. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. खेळ खेळणे हा आमचा प्रांत नव्हे. परंतु माल तुकड्याने द्यावा की अख्खा, आगाऊ रक्कम घ्यावी की नाही, कारागिराशी करार कसा करावा, हे प्रश्न सगळ्या बाजारांत सारखेच असतात. त्यांची जुनी उत्तरे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातच आहेत.

पोथी आणि गंजिफा

कुडाळजवळचे पिंगुळी हे गाव चित्रकथीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील ठाकर आदिवासी समाजाची ही कला. कागदावर हाताने रंगवलेली चित्रे एकामागून एक दाखवायची आणि गाऊन, वाद्यांच्या साथीने कथा सांगायची, अशी तिची रीत आहे. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. याच समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही जपल्या. श्री. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी पिंगुळीत गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून कलेचे संग्रहालय उभे केले आहे.

शेजारच्या सावंतवाडीत दुसरी हस्तकला आहे, गंजिफा. हे हाताने रंगवलेले गोल पत्ते. मोगली गंजिफात ८ रंगांचे ९६ पत्ते, तर दशावतारी गंजिफात १० रंगांचे १२० पत्ते असतात. हा हुन्नर बुडायला आला असता सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० च्या दशकात त्याला पुन्हा उभारी दिली.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. चित्रकथीची एक पोथी म्हणजे एक पुरे आख्यान. पुढची पोथी आज ऐकायला मिळाली नाही, तरी ऐकणारा रिकाम्या हाताने जात नाही. गंजिफाचे तसे नाही. डाव मांडताना सगळे पत्ते वाटावे लागतात. दहापैकी दोन रंग कितीही सुंदर रंगवून विकले, तरी ते शोभेची वस्तू होतील, त्यांनी डाव होणार नाही.

आमच्या मते सगळा निर्णय या एका फरकावर अवलंबून आहे. तुमच्या खेळाचा पहिला भाग पोथीसारखा स्वतःत पुरा असेल, तर भागाभागांत विकण्यास हरकत नाही. तो गंजिफाच्या दोन रंगांसारखा असेल, तर पुरा होईपर्यंत थांबावे. दुकानात कटपीस विकला जातो, कारण त्यातून पोराचा सदरा निघतो. पदर फाडून घेतलेली साडी कोणी घेत नाही.

बाहेरच्या बाजाराचा अनुभव

अमेरिकेत ‘ब्रोकन एज’ नावाचा चित्रमय साहसी खेळ झाला. तो करणाऱ्यांनी २०१२ साली लोकांकडून वर्गणी मागितली. मागणी ४ लाख डॉलरची होती, जमा झाले ३३ लाखांहून अधिक. हाती जास्त पैसा आला तसा बेतही वाढला, आणि तो पैसाही अपुरा पडू लागला. शेवटी खेळाचे दोन भाग करावे लागले. पहिला जानेवारी २०१४ मध्ये आला. त्याच्या विक्रीच्या आधाराने केलेला दुसरा एप्रिल २०१५ मध्ये आला. दोन्ही भाग पुरे झाले ही चांगली गोष्ट. पण गोष्ट ऐन रंगात असताना गिऱ्हाईक सव्वा वर्ष थांबले.

‘केंटकी रूट झीरो’ हा खेळ तिघांच्या मंडळीने पाच अंकांत काढला. पहिला अंक जानेवारी २०१३ मध्ये आणि पाचवा जानेवारी २०२० मध्ये आला. तिसऱ्या आणि चौथ्या अंकात दोन वर्षांहून अधिक, तर चौथ्या आणि पाचव्यात साडेतीन वर्षांचे अंतर पडले. नावाजलेला खेळ असल्याने तो तरला. नवख्याने हे अंतर आपल्याला झेपेल असे धरून चालू नये.

‘टेलटेल’ कंपनीची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१२ मध्ये तिने ‘द वॉकिंग डेड’चे पाच भाग एप्रिल ते नोव्हेंबर या काळात बाजारात आणले आणि मोठे नाव कमावले. तीच कंपनी सप्टेंबर २०१८ मध्ये कोसळली, तेव्हा त्याच मालिकेचा शेवटचा हंगाम अर्धाच झाला होता. पुढचे पैसे आधीच भरलेली गिऱ्हाइके अधांतरी राहिली. मूळ कथेच्या लोकांनी काम हाती घेतले, म्हणून २०१९ मध्ये शेवट तरी मिळाला.

आपल्या पुण्यातील मंडळीने केलेला ‘राजी’ हा खेळ या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्याची चित्रशैली पहाडी चित्रांवरून घेतलेली, आणि मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखवलेले. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. तरीही त्यांनी खेळाचे तुकडे केले नाहीत. २०२० मध्ये तो अख्खा बाजारात आला आणि त्या वर्षीच्या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांच्या यादीत त्याचे नाव होते.

खर्चाचा हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे समजून घेण्यापुरते आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत.

समजा चौघांच्या मंडळीचा महिन्याचा खर्च १,२०,००० रुपये आहे आणि एका भागाला चार महिने लागतात. एक भाग ४,८०,००० रुपयांना पडला, पाच भाग २४,००,००० रुपयांना. एका भागाची किंमत १९९ ठेवली. संगणकाच्या खेळांची सर्वांत मोठी पेढी ‘स्टीम’ ही साधारण ३० टक्के कापून घेते. कर आणि परत आलेला माल धरून हाती १२० रुपये उरले असे समजू. म्हणजे एक भाग निघायला ४,००० गिऱ्हाइके हवीत.

पहिल्या भागाला ती मिळाली, तरी दुसऱ्याला तेवढीच मिळतील असे नाही. पहिला न घेतलेला माणूस दुसरा कशाला घेईल? उलट पहिला घेतलेल्यांतील काही गळतातच. समजा ही संख्या ४,०००, मग २,४००, १,८००, १,५०० आणि १,४०० अशी उतरत गेली. एकूण ११,१०० नग विकले आणि १३,३२,००० रुपये आले. खर्च २४ लाख. तूट १०,६८,००० रुपये. पहिल्या भागाने खर्च भरून काढला म्हणून धंदा चालला, ही समजूत येथेच मोडते.

दुसरी रीत अशी की पाचही भागांची मिळून एकच किंमत, समजा ७९९, पहिल्याच वेळी घ्यायची. कापणी वजा जाता ४८० हाती आले, तर ५,००० गिऱ्हाइकांत २४ लाख जमतात. हिशेब सोपा वाटतो, पण खरा धोका येथे आहे. ४८० पैकी एका भागाचे ९६ रुपये तुमचे झाले. उरलेले ३८४ गिऱ्हाइकाची अमानत आहेत. जमाखर्चात ते जमेच्या बाजूला दिसले, तरी प्रत्यक्षात ते देणे आहे. पहिल्या भागानंतर २४ लाख हाती असतील, तर १९,२०,००० रुपये वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि भाग पुरा होईल तसे काढावेत. त्या पैशातून नवी जागा, नवे यंत्र, नवी माणसे घेणारा मनुष्य दुसऱ्याच्या पैशावर व्यापार करीत असतो.

दोन तासांचा नियम

एक बारीक बाब पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ‘स्टीम’वर २०१५ पासून माल परत घेण्याचा नियम आहे. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, आणि खेळलेला वेळ दोन तासांहून कमी असेल, तर गिऱ्हाइकाला पैसे परत मागता येतात. अख्खा खेळ दहा तासांचा असेल तर याची झळ कमी. पण भाग दीड तासाचा असेल, तर तो संपवून पैसे परत घेण्याची मुभा गिऱ्हाइकाला राहते. तेव्हा भाग दोन तासांहून मोठा करावा, नाही तर अनेक भाग एकाच विक्रीत बांधावेत. प्रत्येक स्वतंत्र खेळाच्या नोंदणीला तेथे १०० डॉलर लागतात, तेही हिशेबात धरावेत.

हाताचे काम वाचवावे कसे

चलच्चित्रात एका सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटी धरले, तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात आणि मिनिटाला ७२०. छोट्या मंडळीचे कंबरडे येथेच मोडते.

पिंगुळीच्या कलेत यावर दोन इलाज आहेत. पहिला चित्रकथीचा. चित्र स्थिर राहते, आवाज आणि वाद्य पुढे जातात. खेळातील कथाप्रसंग असे केले, तर एका चित्रावर अर्धा मिनिट निघते. दुसरा इलाज बाहुलीचा. कळसूत्री बाहुली एकदाच घडवतात, हालचाल सांध्यांतून येते. संगणकावरही हात, पाय, मान वेगवेगळे रंगवून सांध्यांवर हलवता येतात. प्रत्येक हालचालीसाठी पुन्हा चित्र काढावे लागत नाही.

मात्र सगळ्या भागांची मुख्य पात्रे, रंगांचा तक्ता आणि कथेचा शेवट पहिला भाग विकण्यापूर्वी ठरलेला असावा. कापड एकाच लॉटमध्ये रंगवले नाही, तर शेड जुळत नाही, हे रंगारी जाणतात. तीन वर्षांनी काढलेल्या पाचव्या भागात नायकाचा चेहराच बदलला, तर गिऱ्हाइकाच्या ते लगेच लक्षात येते.

कारागीर आणि करार

उर्दू वाचकांना ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ठाऊक आहे. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ही अद्भुत दास्तान १८८३ पासून खंडाखंडाने छापली. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले. पुढे ते छापखान्यापासून वेगळे झाले आणि उरलेले खंड अहमद हुसैन क़मर यांनी पुरे केले. दास्तान पुरी झाली, कारण छापखान्याजवळ दुसरा समर्थ लेखक होता. चौघांच्या मंडळीत चित्रकार एकच असतो. तो तिसऱ्या भागानंतर गेला तर काय, हे आधीच लिहून ठेवावे.

पिंगुळीच्या किंवा अन्य ठिकाणच्या कलाकाराकडून चित्रे करून घेणाऱ्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ जरूर वाचावे. हक्क लेखी करारानेच घेता येतात. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर हक्क भारतापुरता समजला जातो. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे लिहिले नसल्यास तो संपतो. भागाभागांच्या धंद्यात या तिन्ही गोष्टी थेट लागू पडतात. खेळ जगभर विकला जाणार, पाच भागांना पाचहून अधिक वर्षे लागू शकतात, आणि शेवटच्या भागासाठी घेतलेली चित्रे वर्षभर पडून राहू शकतात.

कलाकाराच्या बाजूनेही हे तितकेच महत्त्वाचे आहे. कथा जुनी असली आणि ती कोणाच्या मालकीची नसली, तरी आज हयात असलेल्या कलाकाराने काढलेले चित्र त्याचे असते. एका चित्राचे ठरावीक पैसे देऊन जगभराचा कायमचा हक्क लिहून घेणे हा खरा सौदा नव्हे. काही रक्कम आधी आणि प्रत्येक भागाच्या विक्रीत हिस्सा, असा करार असेल, तर कलाकारही पाचव्या भागापर्यंत सोबत राहतो. शैली पिंगुळीची असेल, तर नावही पिंगुळीचे द्यावे.

पहिला भाग विकण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. पुढचे भाग कधीच आले नाहीत, तर पहिल्या भागाचे पैसे वसूल झाले असे गिऱ्हाइकाला वाटेल काय?

२. दुसरा भाग निदान अर्धा तयार आहे काय? नसेल तर तारीख जाहीर करू नये.

३. शून्य विक्री झाली, तर पुढच्या भागाचा खर्च कोठून येईल?

४. आगाऊ घेतलेला पैसा वेगळ्या खात्यात आहे काय?

५. चित्रकार, लेखक, संगीतकार यांचे लेखी करार मुदत आणि प्रदेशासह झाले आहेत काय?

६. मध्येच थांबावे लागले, तर पैसे परत देणार की छोटा शेवट देऊन गोष्ट मिटवणार?

सहापैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर नसेल, तर आमचा सल्ला असा की आधी एक लहान, पण पुरा खेळ करावा. दोन-तीन तासांचा, एकाच आख्यानाचा. तो विकला गेला तर त्याच पात्रांची दुसरी पोथी काढावी, आणि मग तिसरी. गिऱ्हाइकाचे देणे अंगावर राहणार नाही, कारागिराची मजुरी थकणार नाही, आणि मालिका मागे वळून पाहता आपोआप उभी राहिलेली असेल.