'फोटो पाठवा' आणि आपले पैसे

या पानावर आयआरए किंवा कॉलेज फंडाऐवजी वेबसाइटचा विषय पाहून काहीजण पान उलटतील. जरा थांबा, विषय पैशांचाच आहे.

मी आमच्या गावच्या मंडळाचा खजिनदार होतो तेव्हाची गोष्ट. गणपतीचे फोटो मागवण्यासाठी आम्ही वेबसाइटवर 'फोटो पाठवा' अशी सोय केली. एका हौशी स्वयंसेवकाने एका रात्रीत केलेले काम. आम्हा सगळ्यांना त्याचे कोण कौतुक! दिवाळीच्या सुमारास एका वहिनींचा फोन आला. "भावजी, देणगीचं पान आज वेगळंच दिसतंय. कार्डाचा पिन मागतंय." पाहिले तर खरेच. फोटोंच्या फोल्डरमध्ये एक फाइल अशी निघाली की तिच्या नावाच्या शेवटी 'जेपीजी' नसून 'पीएचपी' होते. तो फोटो नव्हताच, प्रोग्राम होता.

फरक समजून घ्यायला हवा. फोटो मागितला की सर्व्हर तो नुसता दाखवतो. पीएचपी फाइल मागितली की तो ती चालवतो, आणि तीही वेबसाइटच्या स्वतःच्या प्रोग्रामांना असतात त्याच अधिकारांनी. मग सभासदांची यादी वाचता येते, देणगीचे पान बदलता येते. चोराने कुलूप फोडलेच नाही. आम्हीच त्याचे सामान घरात ठेवून घेतले होते.

हे फक्त हौशी लोकांचेच होते असे नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये सिअॅटलच्या मार्क माँडर यांना स्वतःच्याच ब्लॉगवर नको त्या जाहिराती दिसल्या. शोध घेता दोष सापडला तो 'टिमथंब' या फोटो लहान करणाऱ्या प्रोग्रामात. वर्डप्रेसच्या कितीतरी थीम्समध्ये तो असे. फ्लिकर, ब्लॉगर अशा ठराविक साइट्सवरूनच तो फोटो आणी, पण पत्त्यात ते नाव कुठेतरी आहे एवढेच पाही. गुरख्याला सांगावे, "जोशांचे पाहुणे तेवढे सोड," आणि कुणी "मी जोशांच्या समोरचा" म्हणताच त्याने फाटक उघडावे, तसेच हे. पुढे २०२० च्या सप्टेंबरात वर्डप्रेसच्या 'फाइल मॅनेजर' प्लगइनची तीच गत झाली. सात लाखांहून अधिक साइट्सवर ते होते, आणि लॉगिन न करता कुणालाही त्यातून फाइल चढवता येत होती. ६.९ ही दुरुस्त आवृत्ती येण्याआधीच हल्ले सुरू झाले होते.

तेव्हा आपल्या मंडळाच्या वेबसाइटवाल्याला चहाला बोलवा आणि विचारा. कोणत्या प्रकारच्या फाइली घ्यायच्या याची यादी आहे का, आणि ती सर्व्हरवर तपासली जाते का? (नुसती ब्राउझरमध्ये केलेली तपासणी चुकवणे फार सोपे.) आलेल्या फाइलला आपण नवे नाव देतो का? त्या फोल्डरमध्ये प्रोग्राम चालणे बंद केले आहे का? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण बाकी सारे चुकले तरी फाइल तिथे नुसती पडून राहते. न वापरलेली प्लगइन्स काढून टाकावीत. नुसती 'बंद' ठेवून भागत नाही.

आता कार्डांविषयी. अशा ठिकाणी क्रेडिट कार्ड वापरावे. चोरट्या खर्चाची आपली जबाबदारी फेडरल कायद्याने जास्तीत जास्त ५० डॉलर आहे. डेबिट कार्डात पैसे थेट खात्यातून जातात, आणि बँकेने स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत कळवले नाही तर त्यानंतर गेलेली सगळी रक्कम आपल्या अंगावर येऊ शकते. म्हणून स्टेटमेंट आले की त्याच आठवड्यात वाचावे.

आमच्याकडे त्या पानावर तीन कुटुंबांनी कार्डाचे नंबर भरले होते. त्यांना मीच फोन केले, आणि तिघांनीही त्याच संध्याकाळी कार्डे बदलून घेतली. देणगीचे पान महिनाभर बंद होते. तेवढ्यात ज्यांनी चेक पाठवले त्यांचे आभार मानायचे राहिलेच होते, ते आज मानतो.