डोळ्यांपुढच्या मुंग्या : एका व्याधीचे नाव आणि व्यायामाची मर्यादा

डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अंधारी येते, तिरमिरी येते. दृष्टीच्या अशा क्षणिक अनुभवांना मराठीने चांगले शब्द दिले आहेत. पण जे दिसणे थांबतच नाही त्याला शब्द नाही. ‘व्हिज्युअल स्नो सिंड्रोम’ ही व्याधी नेमकी या रिकाम्या जागेत बसते. या रुग्णाला संपूर्ण दृष्टिक्षेत्रात बारीक कणांची अखंड वळवळ दिसते, पुष्कळदा डोळे मिटल्यावरही. इंग्रजी नावात बर्फ आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो पडताना पाहिलेला नाही. प्रक्षेपण नसताना जुन्या टीव्हीवर ज्या ‘मुंग्या’ दिसत, तो शब्द मला अधिक जवळचा वाटतो. अडचण एवढीच की ‘मुंग्या येणे’ आपण हातापायांच्या बधिरतेसाठी राखून ठेवले आहे, आणि आजच्या विद्यार्थ्याने तसा टीव्ही पाहिलेलाही नसतो.

हा केवळ परिभाषेचा प्रश्न नाही. या व्याधीत डोळ्यांची तपासणी बहुधा निर्दोष येते. मग सांगणाऱ्याचे शब्द एवढाच पुरावा उरतो, आणि ते शब्द तोकडे पडले की ‘मनाचे खेळ’ असा शिक्का बसतो. 2014 मध्ये शांकिन, गोड्सबी आणि सहकाऱ्यांनी व्याधीचे निकष मांडले : कण 3 महिन्यांहून अधिक काळ सतत दिसणे आणि त्यासोबत आणखी किमान दोन लक्षणे, जसे की वस्तू नजरेआड झाल्यावरही तिची छबी रेंगाळणे, उजेड न सोसणे, अंधुक प्रकाशात नीट न दिसणे. अनेकांना अर्धशिशीही असते, कानांत अखंड गुंजारव असतो. मेंदूच्या चित्रणात दृष्टीशी निगडित ‘लिंग्वल जायरस’ हा भाग अधिक सक्रिय आढळला. (हे नाव त्याच्या जिभेसारख्या आकारावरून पडले आहे, भाषेवरून नव्हे.) म्हणजे गडबड डोळ्यांपेक्षा मेंदूच्या पाहण्यात आहे.

मेंदूचा प्रश्न म्हटला की व्यायामाचा सल्ला येतोच. त्याला आधार आहे, पण तो कशासाठी हे नीट पाहायला हवे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या वृद्धांच्या मेंदूतील, स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे 2 टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षीच्या एका स्वीडिश अभ्यासात आठवड्यातून 3 वेळा 40 मिनिटे व्यायाम करणाऱ्यांचे अर्धशिशीचे झटके कमी झाले. औषध घेणारा आणि शिथिलीकरण शिकणारा, या दोन्ही गटांशी तुलना करता त्यांत लक्षणीय फरक नव्हता. झोप, चिंता आणि मनःस्थिती यांवरही व्यायामाचा चांगला परिणाम होतो. व्यायामाने मुंग्या नाहीशा होतात, असे मात्र सिद्ध झालेले नाही. मुंग्यांसोबत जे जगणे खचते ते सावरायला व्यायामाची मदत होऊ शकते, इतकेच म्हणणे प्रामाणिक ठरेल. ‘रोज पळ, बरा होशील’ असे विद्यार्थ्याला सांगणारा शिक्षक त्याला नकळत दुहेरी शिक्षा देतो : मुंग्या राहतातच, वर आळसाचा दोष पदरी येतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही इतपत. आपल्या शतपावलीने ते भागत नाही. झपझप चालावे लागते. या रुग्णांनी जागा आणि वेळ विचारपूर्वक निवडावी. मोकळ्या निळ्या आकाशाकडे पाहताना चमचमते ठिपके धावताना दिसतात. ते डोळ्यांच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे दिसतात, आणि निरोगी माणसालाही दिसतात. या रुग्णांना ते अधिक जाणवतात. म्हणून झाडांच्या सावलीतला रस्ता, टोपी आणि सकाळचे कोवळे ऊन बरे. तिन्हीसांजेला रहदारीच्या रस्त्यावर चालणे टाळावे. छबी रेंगाळत असेल तर प्रखर दिव्यांखालच्या बॅडमिंटनपेक्षा घरातली स्थिर सायकल सोयीची. श्रमानंतर काही वेळ कण वाढल्यासारखे वाटले, तर वेग उतरवून पुन्हा हळूहळू चढवावा. अर्धशिशी किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे.

मात्र एकाएकी नवे काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे दिसू लागले, तर त्याला मुंग्या म्हणून थांबू नये. दृष्टिपटल सुटत असल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.