आधी रात्र ठरवा, मग तळं

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट आहे. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना, १९०९ साली, ते राखीव झालं. त्यातला कॅनडाच्या सरहद्दीला चिकटून असलेला सुमारे अकरा लाख एकरांचा पट्टा म्हणजे बाउंडरी वॉटर्स. हजाराहून जास्त तळी आहेत, त्यांतल्या बहुतेकांवर मोटरबोटीला बंदी आहे, आणि आत रस्ता म्हणून नाही. त्यामुळे आरव्ही घेऊन या पट्ट्याच्या आत जाताच येत नाही. मुक्काम करायचा तो कडेला: ईलीच्या बाजूने, टॉफ्टीहून वर किंवा ग्रँड मरेच्या पुढे.

आम्ही मिनियापोलिसच्या उपनगरातली मंडळी. उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आई-बाबा भारतातून आलेले असतात, आरव्ही भाड्याने घ्यायचं ठरतं आणि मग फोन येतो, "अगं, कुठलं कॅम्पग्राउंड चांगलं?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

१. दिवस कुठेही काढता येतो, रात्र एकाच जागी.

सहल बिघडते ती बहुधा रात्री. बुकिंगच्या पानावरचे फोटो सगळे संध्याकाळचे असतात. रात्री दोन वाजता कोण उठणार, टॉर्च घेऊन किती चालावं लागणार, थंडी किती पडणार, शेजाऱ्याचा जनरेटर कधी बंद होणार, यातलं काही त्यांत दिसत नाही. आमच्या घरी हा प्रश्न आईने एका वाक्यात निकालात काढला. मी तिला लॅपटॉपवर पाइनच्या झाडांतली, थेट पाण्यावरची जागा कौतुकाने दाखवत होते. ती म्हणाली, "छान आहे गं. आता संडास कुठे आहे ते दाखव." तेव्हापासून कॅम्पग्राउंडचा नकाशा मी संडासापासून वाचायला सुरुवात करते.

२. आरव्हीत स्वतःचा संडास आणि शॉवर असतो, तरीही कॅम्पग्राउंडचा बघायचाच.

सहा माणसं एका गाडीत राहिली की मैल्याची टाकी दोन-तीन दिवसांत भरत येते, आणि आंघोळीच्या पाण्याची त्याच्याही आधी. भाड्याच्या गाड्यांत पाणी तापवायची टाकी बहुतेक वेळा सहा गॅलनची असते, म्हणजे जेमतेम बावीस-तेवीस लिटर. पहिल्या दोघांची आंघोळ होते, तिसरा ओरडतो. ईलीजवळच्या फॉल लेक कॅम्पग्राउंडवर फ्लशचे संडास आणि शॉवर आहेत. फॉरेस्ट सर्व्हिसच्या इथल्या कॅम्पग्राउंडांत ही चैन क्वचितच मिळते. बाकी बऱ्याच ठिकाणी खड्ड्यावरचे, बिनपाण्याचे संडास असतात. ते स्वच्छ असतात, वास फारसा नसतो, पण ज्यांना सवय नाही त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

पाण्याची आणखी एक गंमत. कित्येक ठिकाणी "पिण्याचं पाणी आहे" असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात हातपंप असतो. त्याला होज पाइप लागत नाही, म्हणजे आरव्हीची टाकी त्यावर भरता येत नाही. टाकी गावातून भरून न्यायची आणि येताना मैल्याची टाकी रिकामी करायला डंप स्टेशन कुठे लागणार ते जाण्याआधीच बघून ठेवायचं. बिअर हेड लेक स्टेट पार्कात वीज, शॉवर आणि डंप स्टेशन ही तिन्ही एकत्र मिळतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मी पहिलं नाव हेच सांगते. ईलीपासून अर्ध्या तासावर आहे. जंगलाच्या थोडं बाहेर पडतं, पण रात्री लून पक्ष्याची हाक तिथेही येते.

३. विजेचा प्रश्न उन्हाळ्यात एसीचा नसतो, सप्टेंबरात हीटरचा असतो.

हे इथे नव्याने आलेल्यांना पटत नाही. आरव्हीचा फर्नेस प्रोपेनवर चालतो, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण गरम हवा ढकलणारा पंखा गाडीच्या बॅटरीवर चालतो. बाहेर पारा शून्याच्या आसपास उतरला की फर्नेस रात्रभर चालू-बंद होत राहतो आणि पहाटे बॅटरी मान टाकते. मग प्रोपेन भरपूर असतो आणि आत सगळे स्वेटर घालून बसलेले असतात. जनरेटर आहे, पण रात्री दहानंतर तो लावायला परवानगी नसते. म्हणून सप्टेंबरच्या मध्यानंतर विजेची जागा नसेल तर मी जात नाही. जुलैत मात्र बिनविजेची जागा खुशाल घ्यावी.

वीज तीस अँपिअरची की पन्नासची, हेही विचारावं. तीस अँपिअरवर एकूण ३६०० वॅट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि बरोबर आणलेला इन्स्टंट पॉट ही तिन्ही एकाच वेळी चालवायचा मोह झाला तर ब्रेकर पडणार. भात आधी लावा, एसी मागून.

४. मोटरहोम एकदा लावला की तुमच्याकडे गाडी नसते.

पाणी जोडलं, वीज जोडली, चाकांखाली फळ्या घालून गाडी सपाट केली, मंडळींनी चपला काढून आत पसरलं. आता दूध संपलं. दहा मैलांवरच्या गावात जायचं तर हे सगळं सोडवायचं, कपाटं बंद करायची, गाडी हलवायची. म्हणून एक तर दुसऱ्या कुटुंबाने साधी गाडी आणावी, नाहीतर चालत पाण्यापर्यंत जाता येईल अशी जागा निवडावी. सॉबिल लेकचं कॅम्पग्राउंड त्यासाठी माझं आवडतं आहे: टॉफ्टीहून सुमारे २४ मैल आत, वीज नाही, पण शेजारीच कनू भाड्याने मिळते आणि त्या तळ्यातूनच बाउंडरी वॉटर्समध्ये शिरता येतं. फॉल लेकवरही तसंच. वल्ह्याच्या बोटीने दिवसभरासाठी जायचं असेल तर परवाना तिथल्या पेटीपाशी आपणच भरायचा असतो, त्याला पैसे पडत नाहीत. आत रात्र काढायची असेल तर मात्र १ मे ते ३० सप्टेंबर या काळात ठरावीक संख्येतलाच परवाना लागतो, आणि एका गटात नऊपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. आपल्याकडच्या "सगळे मिळून जाऊ" या योजना इथेच अडकतात.

५. जूनमध्ये किनाऱ्यावर झोपा, ऑगस्ट संपता संपता आत.

मे संपताना आणि जूनमध्ये आतल्या जंगलात काळ्या माश्या असतात, त्यांच्या जोडीला डास. लहान मुलांच्या कानामागे आणि केसांच्या रेषेत त्या चावतात. लेक सुपीरियरच्या काठावर मात्र पाणी एवढं गार असतं की हवा आतल्यापेक्षा चांगलीच थंड राहते, वाराही असतो, आणि डास कमी. टेंपरन्स रिव्हर, गूजबेरी फॉल्स ही स्टेट पार्कं किंवा ग्रँड मरे आणि टू हार्बर्स इथली नगरपालिकेची कॅम्पग्राउंडं त्या दिवसांत बरी. दिवसा आत जावं, संध्याकाळी परतावं. हायवे ६१ काठाकाठानेच जातो, तेव्हा ट्रकचा आवाज कानावर येणार. रस्त्यापासून लांबची ओळ मागून घ्यावी.

ऑगस्टच्या उत्तरार्धात डास ओसरतात. मग आतली जागा घ्यावी. २०२० साली बाउंडरी वॉटर्सला डार्क स्काय सँक्च्युअरी म्हणून मान्यता मिळाली आहे. आकाशगंगा बघायची तर शेजाऱ्याच्या आरव्हीभोवती रंगीत दिव्यांच्या माळा नसाव्यात, एवढी एकच अट.

६. नकाशावर बाहेर पडायचे रस्ते मोजा.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि कुणी विचारत मात्र नाही. ग्रँड मरेहून निघणारा गनफ्लिंट ट्रेल ५७ मैल आत जातो आणि संपतो. शेवटी जे कॅम्पग्राउंड आहे त्याचं नावच ट्रेल्स एंड. जागा फार देखणी आहे, खडकावर पाइन आणि चहूकडे पाणी. पण आत जायचा रस्ता तोच आणि बाहेर यायचाही तोच. ४ जुलै १९९९ रोजी या जंगलावरून वादळ गेलं आणि पावणेपाच लाख एकरांच्या आसपास पट्ट्यातली झाडं आडवी झाली. ती पडलेली झाडं वाळत राहिली. मे २००७ मध्ये हॅम लेकजवळ लागलेली आग सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ७५ हजार एकर जाळत गेली, गनफ्लिंटवरची घरं जळाली आणि लोकांना त्या एकाच रस्त्याने बाहेर काढावं लागलं. २०११ ची पगामी क्रीकची आग त्याहून मोठी. २०२१ च्या कोरड्या ऑगस्टमध्ये ग्रीनवूडची आग लागली, आणि त्या सुमारास बाउंडरी वॉटर्स काही काळ पूर्ण बंद होतं.

जाऊ नये असं मी म्हणत नाही, आम्ही जातोच. पण कोरडं वर्ष असेल तर तीस फुटी गाडी घेऊन रस्त्याच्या शेवटी राहण्याऐवजी मी पहिल्या वीस मैलांतली जागा घेते. निघण्याच्या आदल्या दिवशी रेंजर स्टेशनला फोन करते. शेकोटीला बंदी आहे का, हे ते सांगतात, आणि त्यावरून जंगल किती कोरडं आहे ते कळतं. आत फोनला रेंज नसते, म्हणून हे सगळं आधीच. पेट्रोलची टाकी ग्रँड मरेतच भरून घ्यायची.

रस्त्याची जातही बघायला हवी. गनफ्लिंट पक्का आहे. ईलीहून निघणारा एको ट्रेल काही मैलांनंतर खडीचा आणि वळणावळणांचा होतो. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांना करारानुसार खडीच्या रस्त्यावर न्यायला मनाई असते. ते बारीक अक्षर वाचून मगच जागा बुक करावी. गाडीची लांबी मागचा हुक आणि सायकलींचा स्टँड धरून मोजावी.

७. फोडणी आत, पण पंखा लावून.

इथे काळं अस्वल आहे. ते माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, पण तेलाचा, माशाचा, मिठाईचा वास त्याला लांबून येतो. बाहेरच्या टेबलावर भजी तळून कढई तशीच ठेवणं म्हणजे आमंत्रण आहे. तेव्हा खाणं, कचरा, टूथपेस्टसुद्धा रात्री आत. आता आत फोडणी केली की आरव्हीचा धुराचा अलार्म कोकलतो. छत जेमतेम डोक्यावर असतं, दुसरं काय होणार. आमच्याकडे उपाय ठरलेला: छताचा पंखा पूर्ण वेगात, एक खिडकी उघडी, आणि मिरच्या घरूनच तळून आणलेल्या. पहिल्या रात्री मेटकूट-भात. भांडी हातपंपाखाली घासायची नाहीत, हे सांगितलं नाही तर बाबा नक्की घासायला बसतात.

८. बुकिंग.

फॉरेस्ट सर्व्हिसच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात, स्टेट पार्कच्या १२० दिवस आधी. मेमोरियल डे, ४ जुलै, लेबर डे हे तर सगळ्यांना माहीत असतं. मेच्या मध्याला मासेमारीचा हंगाम उघडतो तो शनिवार-रविवार मात्र आपली माणसं विसरतात आणि ईलीत एकही जागा का नाही म्हणून चकित होतात. जूनमध्ये डुलुथला मॅरेथॉन असते, तेव्हाही तेच. रविवार ते गुरुवार गेलात तर हव्या त्या झाडाखालची जागा मिळते.

९. लाकडं बरोबर नेऊ नका.

एमराल्ड अॅश बोरर नावाचा किडा सरपणातून पसरतो आणि अॅशची झाडं मारतो. तिथलंच मान्यताप्राप्त लाकूड विकत घ्यावं. महाग पडतं, पण घ्यावं.

१०. खासगी आरव्ही पार्काला नाक मुरडू नये.

वीज, पाणी, मैला तिन्ही जोडण्या, कपडे धुवायची यंत्रं, दुकान. जागा दाटीवाटीची असते आणि अर्ध्या जागांवर तर हंगामभर मुक्काम ठोकलेली निवृत्त जोडपी असतात. पण कुठल्या तळ्यात या आठवड्यात वॉलाय मासा लागतोय आणि कुठल्या रस्त्यावर खड्डे पडलेत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तीन रात्री आत आणि चौथी अशा पार्कात, ही आमची ठरलेली पद्धत. चौथ्या दिवशी आंघोळ, कपडे, टाक्या, सगळं एकदम उरकतं.

११. पावसाच्या दिवसासाठी गाव जवळ हवं.

आरव्हीत दोन पिढ्या आणि दोन मुलं पावसात कोंडली की दुपारपर्यंत भांडण ठरलेलं. या बाबतीत ईली सगळ्यात सोयीची. तिथे इंटरनॅशनल वुल्फ सेंटर आहे, अस्वलांचं केंद्र आहे आणि डोरोथी मोल्टरचं छोटं संग्रहालयही. शिकागोकडची ही परिचारिका नाइफ लेकमधल्या बेटावर एकटी राहायची आणि कनूने येणाऱ्या लोकांना घरी केलेली रूट बिअर पाजायची. जंगल संरक्षित झाल्यावर बाकीच्या बहुतेकांना बाहेर पडावं लागलं, तिला मात्र मरेपर्यंत राहू दिलं. १९८६ साली ती गेली. तिची लाकडी घरं उचलून ईलीत आणून ठेवली आहेत. आई त्या घरात बराच वेळ स्वयंपाकाची जागा न्याहाळत उभी होती. रूट बिअर तिथे आजही मिळते. बाबांना ती आयोडेक्ससारखी लागली. मुलांनी त्यांची बाटलीही संपवली.