न पाहिलेल्या प्राण्यांची चित्रे

रायगड जिल्ह्यातील पाली हे गाव बल्लाळेश्वरामुळे सर्वांना परिचित आहे. गावाच्या पाठीशी सरसगडाचा काळाकभिन्न कातळ उभा आहे. हा कातळ एके काळी तप्त लाव्हारस होता, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा रस पुनःपुन्हा उसळला, थरांवर थर साचले आणि आपल्या महाराष्ट्राची कातळभूमी घडली. त्याच सुमारास डायनोसॉर नावाचे प्राणी पृथ्वीवरून नाहीसे झाले. त्यांची केवळ एक शाखा उरली. ती म्हणजे आजचे पक्षी.

माणूस पृथ्वीवर आला तो यानंतर कोट्यवधी वर्षांनी. तेव्हा त्या अजस्र प्राण्यांना कोणीही डोळ्यांनी पाहिलेले नाही. तरीही ग्रंथांतून त्यांची चित्रे आपण पाहतो. मग चित्रकाराला त्यांचे रूप सांगितले कोणी?

ते सांगितले खडकांनी. चिखलात वा वाळूत गाडली गेलेली हाडे कालांतराने दगडासारखी होतात. त्यांना जीवाश्म म्हणतात. हाडांवरील खुणांवरून स्नायू कोठे जोडलेले होते ते कळते. दातांवरून आहार कळतो. पावलांच्या ठशांवरून चाल कळते. परंतु सर्व अवयव क्वचितच सापडतात. गोदावरी आणि प्राणहिता यांच्या खोऱ्यात 1961 च्या सुमारास एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची शेकडो हाडे मिळाली. ते वर्ष रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे होते. म्हणून 1975 मध्ये त्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’ असे ठेवण्यात आले. त्याचे काही दात मिळाले, पण कवटी मिळाली नाही. अशा वेळी चित्रकार त्याच्या जवळच्या आप्तांच्या कवट्या अभ्यासून त्याला मस्तक देतो. ही कल्पनाच होय. परंतु ती पुराव्याचे बोट धरून चालते.

पुरावा अपुरा असला की कल्पना वाट चुकते. इंग्लंडमधील डॉक्टर गिडिअन मँटेल यांनी 1825 मध्ये इग्वानोडॉन या प्राण्याचे वर्णन केले. त्याच्या अवशेषांत एक टोकदार हाड होते. ते नाकावरील शिंग असावे, असे त्यांना वाटले. पुढे 1854 मध्ये लंडन येथे वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने या प्राण्याचे भव्य पुतळे उभारले. ते गेंड्यासारखे जाडजूड, चार पायांवर उभे आणि नाकावर शिंग असलेले होते. 1878 मध्ये बेल्जियममधील एका कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे सापडले आणि ते शिंग नसून हाताचा अंगठा होता, हे सिद्ध झाले! लंडनचे ते पुतळे आजही उभे आहेत. त्यांना हसणे सोपे आहे. पण त्या काळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाचे ते प्रामाणिक रूप होते.

चित्रे अशीच बदलत गेली. जमिनीवर शेपटी फरफटत नेणारे डायनोसॉर नव्या चित्रांत शेपटी उचलून चालू लागले. कारण ठशांच्या मागे शेपटीचे ओरखडे सहसा दिसत नाहीत. 1996 मध्ये चीनमध्ये पिसांसारख्या तंतूंचे आवरण असलेला एक लहानसा डायनोसॉर सापडला. त्या तंतूंतील रंगकणांचे अवशेष तपासून 2010 मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितले, की त्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते.

असाच एक मोठा बदल आपल्या महाराष्ट्राने घडविला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांची दगड बनलेली विष्ठाही सापडते. ज्या वस्तूकडे पाहून आपण नाक मुरडावे, तिच्यात शास्त्रज्ञांना खजिना गवसला. वनस्पतींच्या शरीरात गारगोटीसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीची जात ओळखता येते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक सहानी आदी शास्त्रज्ञांनी ही विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. तीत इतर वनस्पतींबरोबर गवताचेही कण आढळले. डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच गवत वाढले, असा तोवर समज होता. म्हणून जाणते चित्रकार डायनोसॉरच्या पायांखाली गवत काढीत नसत. 2005 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि चित्रांत गवताला जागा मिळाली. हिरवी कुरणे नव्हेत, तर झाडाझुडपांमध्ये उगवलेले थोडे गवत. त्यांत भाताचे दूरचे आप्तही होते. पालीच्या शेतांत पावसाळ्यात डोलणाऱ्या भाताचे कूळ किती प्राचीन आहे, पाहा!

मुलांनो, पुस्तकातील चित्र बदलले म्हणजे शास्त्र खोटे ठरले, असे समजू नका. नवा पुरावा मिळताच आपले मत सुधारण्याचे धैर्य, हेच शास्त्राचे बळ होय. कल्पनेवाचून दगड मुके राहतात आणि पुराव्यावाचून कल्पना भरकटते. आज तुम्ही पाहता ती चित्रेही अखेरची नव्हेत. त्यांतील एखादी रेघ उद्या तुमच्यापैकीच कोणी दुरुस्त करील.

स्वाध्याय

1. इग्वानोडॉनच्या पुतळ्यात कोणती चूक झाली होती? ती कशी उघडकीस आली?
2. पिसदुरा येथील शोधामुळे चित्रकारांच्या चित्रांत कोणता फरक पडला?
3. ‘कल्पनेवाचून दगड मुके राहतात’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
4. एखाद्या पक्ष्याचे पडलेले पीस किंवा ओल्या मातीतील पाऊलखूण पाहून त्या प्राण्याविषयी काय सांगता येईल, ते पाच ओळींत लिहा.